एका दगडाच्या दोन शिळा

लार्विक,
९ फेब्रुवारी १९३६

प्रिय आई,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो, आणि तू विणलेले मोजे पायात आहेत. पहिल्या ओळीत तू हेच शोधतेस, म्हणून ते आधी लिहून मोकळा झालो. अक्षराला हसू नकोस. शाळेतून मी पळालो तेव्हा अक्षरं माझ्यामागे आली नाहीत, एवढंच.

इकडे बर्फ उतरायला लागलंय. पहाटे खाणीत धुकं असं भरून राहतं, की वरून बघताना वाटावं समुद्रच आत येऊन झोपलाय. मग खालून कुठूनतरी घणाचा पहिला ठोका येतो. पाण्याखाली कुणी कुणाचं दार वाजवतंय असं वाटतं. मी रोज थोडा वेळ तसाच उभा राहतो. मग ऊन येतं, धुकं उठतं, आणि खाली दुसरंतिसरं कुणी नसतं, आम्हीच असतो, नाकं पुसत.

माझा जोडीदार ओद्दवार. मी पहार धरतो, तो घण मारतो, म्हणजे माझी बोटं त्याच्या मर्जीवर आहेत. तो मध्ये जहाजावरून डेन्मार्कला जाऊन आला. बंदरावरच्या कारंज्यात बदक कवटाळून उभा असलेला तुमचा तो उघडा पोरगा त्याने पाहिला, आणि कानांवरून मला ओळखलं. आता इथे मला कुणी येप्पे म्हणत नाही. बदकवाला म्हणतात. जेवताना विचारतात, बदकवाल्या, चड्डी घातलीस का आज? मी सांगितलं, आईबाप दोघं शिल्पकार असले की असंच होतं. लहानपणी मी बाबांना विचारायचो, मी तुमचा मुलगा की मॉडेल? ते मातीतून मान वर न काढता म्हणायचे, ‘स्थिर उभा राहिलास की मॉडेल, हललास की मुलगा.’ म्हणून तर मी हलत राहिलो. लाकडाची गिरणी झाली, देवमाशांची बोट झाली, आता खाण.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ईस्टरच्या पहाटे सगळे देवाच्या शेतात, थडग्यांमधे, जमतील, ट्रॉम्बोन वाजतील, वर्षभरात देवाघरी गेलेल्यांची नावं वाचली जातील, आणि बाबांच्या जागेवर नुसती माती असेल, हे तू लिहिलंस. सगळ्या गावाच्या शिळांवर तू अक्षरं आखलीस आणि त्यांनी कोरली, आणि आता त्यांच्याच शिळेची वेळ आली तर छिन्नी हातात घेऊन तू परत ठेवून दिलीस, हेही वाचलं. मी यावं आणि नाव कोरावं, असं तुझं म्हणणं आहे.

येणं जरा अवघड आहे. एक मोठी मागणी आलीय, मुकादम सुटी देईल असं दिसत नाही. शिवाय बोटींचा काही भरवसा नाही. दफनाच्या वेळी नव्हता का असाच घोळ झाला? तुझी तार माझ्या हातात पडली तोवर तुम्ही त्यांना पोचवून आला होतात.

मुकादमाची बायको पुन्हा पोटुशी आहे. खानावळीत रोज हेरिंग.

तुझा,
येप्पे


लार्विक,
१ मार्च १९३६

प्रिय आई,

मोजे, जेवण, सगळं ठीक.

तुझं उत्तर आलं. एवढंसंच. ‘हेरिंगचं कळलं. आता ओस्लोचं लिही.’ मागच्या वेळी तू पत्राच्या शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलं होतंस, की उन्हाळ्यात बाबा ओस्लोच्या ओतशाळेत गेले तेव्हा तुला भेटले का रे. मी ती ओळ वाचली नाही असं दाखवलं. पण तुझ्यापुढे कुणाचं चाललंय?

बाबा ओस्लोला गेलेच नव्हते. ते थेट इकडे आले. हातात आपल्या गावच्या मधाच्या केकची पेटी, डोक्यावर तुला न आवडणारी ती हॅट. माझ्या खोलीत राहिले. ओद्दवारने त्यांना बघितल्याबरोबर विचारलं, बदक नाही आणलं का? त्यावर त्यांनी त्याचा हात धरून उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘तुझा अंगठा चांगला आहे, पण तोंड आवरलंस तर.’ त्या दिवसापासून ओद्दवार त्यांचा भक्त.

खाणीत उतरताना ते पायरीपायरीवर थांबत होते. मी म्हटलं, बाबा, इथे बघण्यासारखं काही नाही. ते म्हणाले, ‘माझा श्वास मागे राहिलाय, त्याची वाट बघतोय.’

त्यांना ठाऊक होतं, आई. डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं. तुला कळलं असतं तर तू त्यांना हातोडी उचलू दिली नसतीस, आणि तुमची ती बसलेली कोळीण बिनहातांची राहिली असती. चेहरा तू पुरा केला होतास, हातांचं काम त्यांच्याकडे होतं. हात झाल्याशिवाय मला कुठे जाता येत नाही, असं म्हणाले. म्हणून मलाही त्यांनी गप्प बसवलं. मी आजवर बसलो.

आता त्यांच्या येण्याचं कारण. ते मला लिहायला जड जातंय, म्हणून आधी दुसरंच लिहितो.

आपल्या पंथाच्या पांढऱ्या प्रार्थनाघरात भगिनी एका बाजूला, बंधू दुसऱ्या, मधे वाट. मी तुझ्याकडे बसायचो. तू माझ्या हाती केकचा तुकडा देऊन मला पलीकडे पाठवायचीस, आणि बाबा माझ्या मुठीत मातीची गोळी देऊन परत पाठवायचे. उघडून बघावं तर बंधू ब्रोडर्सनचं नाक. तू हसू दाबताना तुझा बाक थरथरायचा. त्या दिवसांत मला वाटायचं, ती वाट म्हणजे नदी आहे, फरशीवरची वाळू म्हणजे तिचा तळ, आणि ती ओलांडायला गावाने फक्त मला ठेवलंय. अजून कधी स्वप्नात मी ती ओलांडत असतो. मुठीत काहीतरी असतं. पलीकडे पोचायच्या आत जाग येते.

तर त्या संध्याकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती. वरच्या टप्प्यावर एक दगड नुकता सुटला होता. आमचा दगड कोरडा असताना राखाडी, शिळ्या राखेसारखा. ओला झाला की आतून निळा होतो. खोल काहीतरी हलल्यासारखा. बाबा किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले, मग हॅट छातीवर ठेवून सरळ त्यावर आडवे झाले. डोळे मिटलेले. ओद्दवार बोंबलत पाणी आणायला धावला. बाबांनी एक डोळा उघडला. ‘ओरडू नका. माप घेतोय.’

मग मला विचारलं, ‘ह्यातून दोन निघतील?’

मी म्हटलं, दोन कशाला?

‘एक माझी, एक बेनिग्नाची.’ तुझं नाव ते माझ्यापुढे कधी घेत नसत. तुझी आई, म्हणत. ‘जन्मभर प्रार्थनेला मधे ती वाट. आता मेल्यावरही देवाच्या शेतात मधे लिंडनच्या झाडांची रांग, ती भगिनींमध्ये, मी बंधूंमध्ये, आणि शेजारी कोण, तर ज्याचा नंबर आधी लागेल तो. मी कोळ्याचा पोर, बाहेरचा, पण तिच्या लोकांचा नियम मान्य करून आत आलोय. तो मोडायचा नाही. शिळा आडवी, सगळ्यांएवढी, कुणाची मान वर नाही. पण दगडाने कुठे शपथ घेतलीये? एका दगडाच्या दोन असू देत. इकडे एक, तिकडे एक.’

आणि तुला सांगायचं नाही, असं बजावलं. ‘ती म्हणेल, लॉरिट्स, हा गर्व आहे. आणि तिचं बरोबर असेल.’

ते गेल्याची तार आली त्याच आठवड्यात मी पाचरी मारल्या. काम संपल्यावर ओद्दवार मदतीला थांबायचा, पैशाचं नावही काढलं नाही. दगड शेवटी स्वतःच दुभंगला. पाव मोडावा तसा. दोन्ही तोंडांवर एकच काळी शीर, इकडची तिकडे चालू होणारी. मी तोंडं फक्त छिन्नीने ठोकून सारखी केली, घासून चकाकी मुळीच आणली नाही. कोरड्यात त्या देवाच्या शेतातल्या कुठल्याही शिळेसारख्या दिसतात. माप नेमातलं, जाडी नेमातली. ओद्दवारने त्यावर पाणी टाकलं आणि टोपी काढली.

तुझी शिळा तयार आहे, आई. जित्याजागत्या आईला हे कसं लिहावं ते कुठल्याच शाळेत शिकवत नसतील, म्हणून शाळा सुटल्याचं मला दुःख नाही.

मुकादमाचं, बोटीचं सगळं खोटं होतं. मी एकटी बाबांची शिळा घेऊन आलो असतो तर तू तिच्या तोंडावर नुसता तळवा फिरवला असतास आणि विचारलं असतंस, ह्याचा दुसरा अर्धा कुठाय? तुझ्या हाताला न समजणारा दगड अजून निघालेला नाही.

सोबत त्याच दगडाची कपची आहे. आधी कोरडी बघ. मग ओली करून बघ. तुला हा गर्व वाटला तर तसं लिही. मी बाबांसाठी दुसरा साधा दगड घेऊन येईन, ईस्टरच्या आत पोचेन, आणि ह्या दोघी इथेच गवतात राहतील. मी कुणाला दोष देणार नाही. पण तू हो म्हणावंस असं मला वाटतं. इतकं मला आजवर कशाचंच वाटलेलं नाही.

तुझा,
येप्पे


लार्विक,
२२ मार्च १९३६

प्रिय आई,

तुझं पत्र ओद्दवारला वाचून दाखवलं. तो हसून हसून धक्क्यावर बसला.

म्हणजे तू कपची घेऊन आधी गेलीस ती बंधू ब्रोडर्सनकडे. तो देवाच्या शेताचा राखणदार, त्याचा होकार हवाच, ते खरं. त्याने चष्मा लावून ती जुन्या शिळांना लावून बघितली आणि म्हणाला, राखाडी ती राखाडी, ह्यात विचारायचं काय, भगिनी बेनिग्ना? दुसरं कुणी असतं तर तिथेच आभार मानून घरी आलं असतं. तू त्याच्या पायरीवर उभी राहून कपची त्याच्याच कॉफीत बुडवलीस आणि त्याच्या नाकासमोर धरलीस, कारण एकाच बाजूचं खरं सांगणं तुला जमत नाही. बाबा असते तर कपाळावर हात मारून घेतला असता. आणि मग तुला जवळ घेतलं असतं.

तू लिहितेस की म्हाताऱ्याची कॉफी निवून गेली. मी ते चित्र डोळ्यांसमोर आणत होतो. मग जे बोलला ते मी इथल्या लाकडी भिंतीवर खिळ्याने कोरून ठेवलंय. ‘दव मला विचारून पडत नाही, भगिनी. त्या पहाटे जे दिसेल ते दिसेल. आपण गाणं म्हणायला जमतो.’

परत येताना तू लिंडनखाली थांबलीस, हातमोज्यात कपची घेऊन. थोडा वेळ भगिनींच्या बाजूला उभी राहिलीस, थोडा वेळ बंधूंच्या. आणि घरी येऊन छिन्नीला धार लावलीस. हे वाचून मी बाहेर गेलो आणि कामाशिवाय इकडेतिकडे हिंडत राहिलो.

तुझी अट समजली. बाबांचं नाव तू कोरणार, मी त्याला हात लावायचा नाही. तुझी शिळा कोरी ठेवायची, तुमच्या मूर्तींच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून, आणि तिच्यावरचं नाव मी कोरायचं, जेव्हा वेळ येईल तेव्हा. तोवर ते नीट कोरता यावं म्हणून रोज अक्षरं गिरवायची, तुझ्यासमोर बसून. ‘कुणीतरी इथे असायला लागेल’, एवढंच लिहिलंस. ये म्हणाली नाहीस. रहा म्हणाली नाहीस. फार हुशार बाई आहेस तू.

मी येतोय. दोघी एकाच फळ्यावर बांधल्यात, मधे पेंढा. बोट कोल्डिंगला लागेल, तिथे गाडी सांगून ठेव. ओद्दवार धक्क्यावर येणार आहे, आणि मला खात्री आहे की तो बदकासारखा ओरडेल. मला स्थिर उभं राहणं जमेल का, ते मी तुला छातीठोक सांगू शकत नाही. पण ईस्टरच्या पहाटे मी बंधूंच्या रांगेत बाबांच्या पायाशी उभा असेन, तू पलीकडे असशील, आणि ट्रॉम्बोन सुरू झाले की दोघांनीही खाली बघायचं, एकमेकांकडे नाही. नाहीतर तुझा बाक थरथरायचा तसं काहीतरी होईल, आणि तिथे तर बाकही नाहीत.

एक राहिलं. तुम्ही दोघांनी कुठल्याही कामावर कधी नाव घातलं नाहीत. पायथ्याशी छिन्नीचे दोन टाके, शेजारीशेजारी, बस. लोक विचारून दमले की ह्यातलं कुणाचं काय. मी तुमची ती खूण शिळांच्या खालच्या तोंडावर घातलीय, जी मातीकडे राहील. एक टाका त्यांच्या शिळेला. एक तुझ्या.

हे बंधू ब्रोडर्सनला सांगू नकोस. सांगशीलच म्हणा.

मुठीत काहीतरी घेऊन वाट ओलांडणारा,
तुमचा दोघांचा,
येप्पे