मला ‘तुम्ही’ म्हणा

सें-पियेर, मार्टिनिक
१८ जून १८४८

प्रिय अन्सेल्मदादा,

तुझं पत्र नावाड्यानं आणून दिलं. वहिनीला नमस्कार, लेकरांना मुके. धाकट्या मालकिणीची शिकवणी चालायची तेव्हा दाराआडून उचललेली अक्षरं आता अंगणात बसून काढतेय, हसू नकोस.

ऊस तसाच उभा आहे. मजुरी ठरल्याशिवाय कोणी कोयत्याला हात लावत नाही. शेजारच्या रोझाचं लग्न ठरलं. तू आईचं विचारलंस. सांगते.

गुलामांच्या सुटकेचा हुकूम पॅरिसहून निघालाय, असं म्हणत होते. आम्ही वाट पाहिली नाही. बावीस मेला मळेच्या मळे शहरावर चालून गेले. आई सगळ्यांच्या पुढे. मी म्हटलं, “अगं, गुडघे दुखतात ना तुझे?”

“उसात दुखत नव्हते वाटतं?”

गोऱ्यांच्या एका माडीवरून गोळ्या सुटल्या. एक तिच्या मांडीत शिरली. दुसऱ्या दिवशी गव्हर्नरानं गुलामी संपल्याचं जाहीर केलं, तेव्हा ती खाटेवर होती.

जखम चिघळली. मग एकदा मालक दुव्हाल झोपडीत आला, टोपी हातात घेऊन. मला वाटलं, कामावर चला म्हणेल. तर म्हणाला, “तेओतिस्त, मी तुला चांगलं वागवलं असं लोकांना सांग. तू सांगितलंस तरच पटेल.”

आई म्हणाली, “आधी मला ‘तुम्ही’ म्हणा.”

त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी परत दारात. घाम पुसत म्हणाला, “तेओतिस्तबाई, तुम्हीच सांगा. मी चांगला होतो ना?”

“नव्हतात,” आई म्हणाली. “बसा. पाणी घ्या.”

दादा, तो बसला. ढसाढसा रडला, पाणी प्यायला आणि गेला. मी भडकले, “त्याला पाणी कशाला?”

“आजवर त्यानं मागितलं की द्यावं लागायचं. आज माझ्या मनात आलं, म्हणून दिलं. कसं वाटतं ते बघायचं होतं.”

“मग?”

“हात हलका वाटला गं.”

त्यानंतर ताप चढला तो उतरलाच नाही. गेल्या गुरुवारी पहाटे आई गेली. तुझं नाव घेत होती. आपल्या लोकांना मळ्याच्या कडेला पुरायचे, तिला गावाच्या दफनभूमीत नेलं. पाद्री घंटा वाजवायला तयार नव्हता. लोक चर्चच्या दारातून हलेनात. शेवटी वाजली, बराच वेळ.

तू रात्री होडीतून पळालास. आता दिवसाढवळ्या ये. बंदरावर कोणी विचारलं तर आईचं नाव मोठ्यानं सांग.

मोकळी झालेली, पोरकी झालेली,
तुझी बहीण
युडोक्सी