शिट्टी थांबली

१८ नोव्हें.
गाळप एकदाचं सुरू. ऊस निम्माही नाही, कारखान्याला पाणी टँकरचं. आमच्या लॅबला काचेची भांडी धुवायला दिवसाला दोन बादल्या! मग मीच तोडगा काढला. काच धुवायचं नारिंगी क्रोमिक ॲसिड शेगडीवर कोमट करायचं, भांडी त्यात बुडवायची, एकदाच विसळायची. काच लख्ख. केमिस्टसाहेब खूश. "दिगंबर, लई डोकं हाय बे तुला." धुळीमुळे खिडकी बंद. घशात खवखव.

९ डिसें.
नाकात खपल्या. काढल्या की रक्त. दुखत मात्र नाही. तपकीर चार दिवस बंद ठेवून पाहिली, फरक शून्य.

२१ डिसें.
दुपारी जेवून आडवा झालो, तर कमल म्हणते, "आवं, तुमच्या नाकात शिट्टी कावून वाजतीय?" म्हटलं, कारखान्याचा भोंगा घरी आणलाय. लई हसली. मग मलाही ऐकू यायला लागली. श्वास ओढला की बारीक, लांबट.

४ जाने.
शिट्टी थांबली! कमलने देवापुढे गूळ ठेवला. मीच जास्त खाल्ला.

११ जाने.
खपल्या जाईनात म्हणून बीडला नाकाच्या डॉक्टरांकडे. आत उजेड टाकून पाहिलं. मधल्या पडद्याला भोक आहे म्हणाले. शिट्टी वाजते का, त्यांनी विचारलं. मी खुशीत सांगितलं, बंद झाली. "भोक लहान असतं तोवर वाजतं. मोठं झालं की थांबतं."
गूळ आठवला.
टीबी, महारोग नाही ना, म्हणून तपासण्या. कमलला हे सांगणं जमलं नाही. काम काय करता, विचारलं. गरम ॲसिड म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. त्याची वाफच पडदा खाते म्हणे. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, मलम, आत बोट घालायचं नाही, तपकीर कायमची बंद. पुढे भोकात मऊ बटण बसवता येईल, नाहीतर ऑपरेशन. पण आधी ती वाफ सोडा, म्हणाले.

१९ जाने.
तपासण्या चांगल्या आल्या. म्हणजे ॲसिडच. साहेबांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यांनी दार लावून घेतलं. "तपकिरीनं झालं म्हणून लिहून दे, गेटवर बसवतो. माणसं कमी करायची यादी निघालीय, ठाऊक हाय ना?"
दिलं लिहून. खाली सहीही केली. स्वतःची किळस आली.

२५ जाने.
माझ्या जागी सुनंदा. नवरा उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला तेव्हापासून हंगामी कामावर आहे, घरात दोन लेकी. शेगडीची पद्धत शिकवायला मलाच बोलावलं, साहेब शेजारीच उभे. मी एवढंच म्हणालो, खिडकी उघडी ठेवत जा. "दादा, धूळ येतीय की." मी साहेबांकडे पाहिलं आणि शेगडी पेटवून दाखवली.

३ मार्च
गेटवर चहाच्या सुट्टीत सुनंदा आली. पदर नाकाला. "सर्दीच जाईना बघा." शेजारी टेकली, चहावर फुंकर घालायला श्वास ओढला.
बारीक. लांबट.
"दादा, असं काय बघताय?"
डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या खिशातच आहे. साहेब लॅबच्या पायरीवर उभे, इकडेच बघत होते. चहा पिऊन ती उठली, पदर सावरत लॅबकडे निघाली. मी हाक मारली, तर नुसतं म्हणाली, "आलेच, शेगडी चालू हाय."
अजून वाजतंय तिचं. म्हणजे अजून लहान आहे.