ओळखीचं कॉलेज नको

१६ जून, सोमवार. दुपार
सीईटीचा निकाल लागला. पियुषला ३१.४६ परसेंटाइल. बारावीला ४९ टक्के पडले तेव्हाच मी म्हटलं होतं, बोर्डाचं सोड, सीईटीत कसर भरून काढू. कसर आहे तिथंच आहे.

तरी घाबरायचं कारण नाही. परसेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ३१ परसेंटाइल म्हणजे महाराष्ट्रातली लाखभर पोरं आपल्या पोराच्या मागं आहेत. एकेका मीटरवर एक उभं केलं तर रांग अकोल्याहून निघून अमरावतीच्या पलीकडं जाईल. हे गीतांजलीला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, अन् याच्या पुढची रांग कुठपर्यंत जाईन? तीस वर्षं गणिताच्या मास्तरासोबत संसार करून हिला नेमकी नको तीच बाजू दिसते.

संकल्प. एक, कॉलेजांचा ऑप्शन फॉर्म मी स्वतः भरणार. दोन, पियुषवर ओरडायचं नाही. तीन, मार्क कोणालाही सांगायचे नाहीत. कोणालाही म्हणजे कोणालाही.

संध्याकाळ
दोन नंबरचा मोडला. पण कारण तसंच होतं. पोरगं निकालाच्या दिवशी मोबाईलवर क्रिकेट पाहून राहिलं होतं.

१८ जून, बुधवार
स्टाफरूममध्ये सत्यवती मॅडमनी विचारलं, पियुषचं काय झालं सर? बरं आहे, म्हटलं. किती, ते त्यांनी विचारलंच नाही. सभ्य बाई आहे. बाकीचेही गप्प होते. हा धाक कमवावा लागतो.

२२ जून, रविवार
पियुषला घेऊन बसलो. कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडले. स्वप्नातली, जमतील अशी, हमखास. प्लॅनिंग वास्तववादी पाहिजे, हे माझं पहिल्यापासून मत आहे.

हमखासच्या रकान्यात पोरानं स्वतःहून तीन नावं सांगितली. अमरावतीची दोन, अकोल्याचं एक. म्हणाला, तिथं मेकॅनिकल भेटते बाबा, मागच्या साली जागा खाली राह्यल्या होत्या. अकोल्याचं तं घरून सायकलनं जाता येते. ही माहिती कुठून काढली कोण जाणे. एवढी चिकाटी अभ्यासात दाखवली असती तर हा रकानाच लागला नसता. हे त्याला बोलूनही दाखवलं. हे ओरडणं नव्हे.

२४ जून, मंगळवार
तिन्ही नावं काटली. विचार करूनच काटली.

अमरावतीच्या पहिल्या कॉलेजात गीतांजलीचे भाऊ केशवराव लॅबमध्ये आहेत. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज फॉर्म गेला की उद्या इथं आमच्या जठारपेठेत दुधवाल्याला मार्क माहीत. दुसऱ्याचे संचालक पंजाबराव म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांचे व्याही. विषयच संपला.

राहिलं अकोल्याचं. तिथं मेकॅनिकलचा हेड आहे विपुल. माझाच विद्यार्थी. नववीत गणितात ढ. मी त्याला पावसाळाभर वर्गाबाहेर उभा ठेवला, म्हणून तर आज हेड झाला. माझे उपकार तो विसरला नसणार. पण म्हणून काय माझ्या पोराचे ३१.४६ त्याच्या टेबलावर ठेवायचे? काहीच्या काही!

तत्त्व ठरलं. जिथं आपल्याला कोणी ओळखत नाही, असंच कॉलेज घ्यायचं. पुणे, मुंबई, नाशिक, सांगली. नागपूर आधी लिहिलं होतं, पण तिथं साडू आहेत. काटलं.

गीतांजली म्हणाली, वळखीचं मानूस असलं तं बरंच हाये ना, पोराकडे लक्ष राहीन. तिला तत्त्व कळलं नाही.

८ जुलै, मंगळवार
गेल्या वर्षांचे कटऑफ उतरवून काढले. पुण्याच्या एका कॉलेजात सिव्हिलला पहिल्या राऊंडला ७४, दुसऱ्याला ७१, तिसऱ्याला ६५. म्हणजे आधी तीननं उतरलं, मग सहानं. चौथ्यात बारानं उतरणार, ५३. पाचव्यात चोवीसनं, २९. आपण ३१ वर बसलोच आहोत. आरामात!

राऊंड चारच असतात हे खरं. पण यंदा पाचवा काढतील. जागा रिकाम्या ठेवून कोणाचं भलं झालंय?

आज पियुष म्हणाला, बाबा, एक तरी अकोल्याचं टाका, पार शेवटी टाका. मी म्हटलं, येडा का तू? टाकलं तर लागेल ना ते!

चांगली चाळीस नावं झाली. एकही ओळखीचं नाही.

२० जुलै, रविवार
पोराला जरा मोकळं वाटावं म्हणून चिखलदऱ्याला नेलं. पॉइंटवर नुसतं धुकं, दरी दिसेना. पियुष कठड्यापाशी जाऊन उभा राहिला तर गीतांजलीनं त्याच्या शर्टाची बाही धरली ती सोडलीच नाही. अठरा वर्षांचा घोडा झाला तरी हिचे लाड संपत नाहीत.

तिथं नेमके आमचे मुख्याध्यापक वामनराव सर भेटले, सहकुटुंब. त्यांनी विचारलं, चिरंजीवांचं काय? माझ्या तोंडून निघून गेलं, पुण्याला जाऊन राहिला. खोटं नाही, थोडं आधी सांगितलं इतकंच. सरांनी पियुषच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, ब्रँच कोणती बेटा? पियुष शांतपणे म्हणाला, मेकॅनिकल.

पोरगं वेळेवर सांभाळून घेतं. माझंच रक्त. येताना घाटात ओकला, वळणं फार आहेत.

३१ जुलै, गुरुवार
पहिला राऊंड. काही लागलं नाही. अपेक्षितच होतं. पहिल्या राऊंडला मोठ्या मार्कांची पोरं असतात, त्यांच्यात घुसण्यात अर्थ नाही.

११ ऑगस्ट, सोमवार
दुसराही गेला. यादीतली वरची दहा नावं काढून दुसरी दहा टाकली. तीही पुण्याचीच. पियुषला म्हटलं, बस, पाहू मिळून. तो म्हणाला, तुमीच भरा, ओटीपी तं तुमच्याच मोबाईलवर येते. बरोबर आहे. एकहाती काम असलं की चुका होत नाहीत.

दुपारी दोनपर्यंत झोपतो. जेवण अर्ध्यावर आलं. उन्हाळ्यात वजन वाढलंच होतं, बरं झालं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदन करून घरी आलो तर गीतांजली स्क्रू ड्रायव्हर घेऊन पियुषच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढत होती. म्हणे गंजली. मी पाहिली, चांगली होती. बाथरूमची पण काढली. आता अंघोळ करताना माणसानं गाणं म्हणत बसायचं काय? रात्री तिनं त्याच्या दारापाशी हॉलमध्ये गादी टाकली. खोलीत गरम होते म्हणाली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
वलगावला गेलो. माझ्या थोरल्या भावाचा, नत्थुदादाचा मळा यंदा झकास. वांगी, पालक, कडेनं झेंडू. बैल सजवले होते, पुरणपोळी होती. पियुष बैलांपाशीच बसून राहिला.

दादानं मला बाजूला घेतलं. दादाला बोलायची पद्धत नाही. म्हणाला, शेखर, पोरगं काहून वाळून राह्यलं? कोनत्या कालेजात घातलं? मी प्रोसेस सुरू आहे म्हटलं, राऊंड कसे असतात ते जमिनीवर काडीनं आकृती काढून समजावलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, अमरावतीत इतके कालेज हायेत, एकातही जागा नाई का? मी म्हटलं, जागा आहे रे, लेव्हल नाही. त्यावर तो म्हणाला, कोनाची?

दादा सातवी शिकला. त्याच्याशी वाद घालण्यात हशील नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार
तिसरा राऊंड काल गेला. माझ्या पुण्याच्या कॉलेजात सिव्हिलचा कटऑफ उतरायचा सोडून दोननं चढला. असं गणितात होत नाही. कुठंतरी भ्रष्टाचार आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार. शिक्षक दिन
चौथा राऊंड संपला. पियुषला कुठंच नाही.

शाळेत माझं भाषण झालं. विद्यार्थी माझ्याकडं मन मोकळं करतात, तीच माझी कमाई, असं बोललो. टाळ्या बऱ्या पडल्या. नंतर सत्यवती मॅडमनी अकोल्याच्या त्या कॉलेजचं माहितीपत्रक हातात ठेवलं. म्हणाल्या, रिकाम्या जागा आता कॉलेजच भरते सर, पंधरा तारखेपर्यंत, तुमच्या ओळखीत कोणी गरजू असला तर. बाईंना कमिशन असणार. मी स्टाफरूममध्ये आलो की सगळे विषय बदलतात, तेही मला दिसतं. पुण्याचं ऐकून जळतात.

पाचव्या राऊंडची सूचना अजून नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
गीतांजली आज ओरडली. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, तिचा असा आवाज ऐकला नव्हता. म्हणाली, तुमाले मार्कांची लाज वाटून राह्यली का पोराची, एकदाचं सांगून टाका. इपुलकडे जा नाई तं मी जातो.

तिला शांत केलं. सोमवारी जातो म्हटलं. मलाही कळतं. वर्ष जायला नको, त्याच्यासाठीच तर हे सगळं करून राहिलो.

१५ सप्टेंबर, सोमवार
शाळा सुटल्यावर गेलो. कॉलेजच्या गेटपर्यंत पोचलो. कागदांची फाईल हातात. तेवढ्यात सत्यवती मॅडमचे मिस्टर पार्किंगमध्ये स्कूटर लावताना दिसले. फाईल शर्टात घातली आणि मागं फिरलो.

उद्या सकाळी लवकर जाईन, कोणी नसतं. आज शेवटची तारीख आहे म्हणतात, पण मुदत दरवर्षी वाढते. गीतांजलीला सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये होते.

१६ सप्टेंबर, मंगळवार
मुदत वाढली नाही.

विपुलनं उठून खुर्ची दिली. पाया पडला. स्वतः मात्र बसला नाही. मी दोनदा म्हटलं, बस रे, तरी टेबलाच्या बाजूला हात मागं बांधून उभा. डोक्यावरचे केस गेलेत त्याचे. म्हणाला, काल पाच वाजता पोर्टल बंद झालं सर, आता माझ्या हातात काही नाही. मेकॅनिकलच्या अकरा जागा खाली राहिल्या, म्हणाला.

अकरा.

मी फाईल उघडायला लागलो तर म्हणाला, राहू द्या सर, मार्क मला माहीत आहेत. मग खाली पाहून म्हणाला, सगळ्यांनाच माहीत आहेत, तुमच्या शाळेतही. पियुष इथं जूनमध्ये आला होता, ऑगस्टमध्येही आला होता. जागा किती, फी किती, वर्कशॉप कुठं, सगळं विचारून गेला. विपुल त्याला बोलला होता, यादीत कुठंही आमचं नाव टाक, तुला लागतेच. पोरगं बोललं, बाबा भरतात फॉर्म.

मग मला एक फोन करायचा होतास ना लेका, असं मी म्हटलं. जरा मोठ्यानं म्हटलं. विपुल म्हणाला, चार वेळा नंबर लावला सर. रिंग जायच्या आत ठेवून दिला. मी विचारलं, काहून? तर म्हणाला, तुमची भीती वाटते सर, अजूनही वाटते. त्याला स्वतःची दोन पोरं आहेत, भिंतीवर फोटो होता.

उपकाराचं काहीच बोलला नाही.

घरी आलो. गीतांजलीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हातातली फाईल काढून घेतली. मीच विचारलं, ती कडी खरंच गंजली होती का? तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. मी हॉलमध्ये बराच वेळ उभा होतो. मला भीती वाटली. हे लिहून ठेवतो, कारण सांगणार कोणाला?

आज तिच्या गादीशेजारी माझीही टाकली.

१७ सप्टेंबर, बुधवार
शाळेला रजा टाकली. पियुषला समोर बसवलं. काय बोलायचं ते सकाळपासून मनात जुळवत होतो. चूक माझी झाली, तुझी नाही, इथून सुरुवात करायची असं ठरवलं होतं.

सुरुवात पुढच्या वर्षाच्या प्लॅनिंगपासून झाली. अकोल्याचं एक नंबरवर टाकू, म्हटलं. मेकॅनिकलच घे, म्हटलं. तोवर वेळापत्रक करून देतो, गणित मी घेईन, केमिस्ट्रीला कोणीतरी बघू. आवाज जमेल तितका मऊ ठेवला. तो मान हलवत होता. चूक माझी झाली, हे तीनदा ओठांपर्यंत आलं. तोंडातून निघालं ते असं, काही शंका?

पियुष उठून उभा राहिला. म्हणाला, नाही सर.

गीतांजली स्वयंपाकघराच्या दारात आली. कोणीच हसलं नाही.

नववी-दहावीला तो माझ्याच वर्गात होता. घरचं नातं वर्गात नको म्हणून मीच त्याला तसं म्हणायला लावलं होतं. सवयीनं निघून गेलं असेल.