यज्ञेशची शिल्लक रजा

३ फेब्रुवारी, सोमवार

खोटारडा! गंधालीच्या लेकीच्या लग्नाला चार दिवस देवरुखला जाऊ म्हटलं, तर म्हणे, "रजा नाहीये गं, संपली सगळी." आत्ताच? आणि हे चहाच्या कपात बघून, माझ्याकडे नाही. माझ्या सख्ख्या बहिणीकडचं कार्य आहे!

४ फेब्रुवारी

बघायला नको होतं. बघितलं. नवरा-बायको एकाच विमा कंपनीत — तो अंधेरीला क्लेम्समध्ये, मी मुलुंडला हे म्हातारे कोबोलचे प्रोग्रॅम सांभाळते. रजेची फाइल माझ्याच हातात.

यज्ञेश: शिल्लक रजा अकरा दिवस. अकरा!

कोणासाठी राखून ठेवल्यात?

५ फेब्रुवारी

हल्ली फोन उपडा ठेवतो. आल्या आल्या अंघोळीला पळतो. सरळ विचारलं, "कोण आहे रे ती?" "वेडी आहेस का?" म्हणाला, आणि हसला वर. मला नाही पटलं ते हसणं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एचआरच्या चंद्रप्रकाशचा फोन. "मॅडम, वाट लागलीय! ज्यांनी रजा संपवून वर आगाऊ घेतलीय, त्यांचीपण शिल्लक दाखवतंय."

प्रोग्रॅम उघडला. पॅक्ड आकड्यात शेवटचा अर्धा बाईट चिन्हाचा असतो. C म्हणजे अधिक, D म्हणजे उणे. पण स्क्रीनसाठीचं फील्ड कोणा दिवट्याने S न लावताच लिहिलंय! S नाही म्हणजे त्या फील्डला चिन्ह ठेवताच येत नाही. उणे आकडा आला की कोबोल अंक तेवढे घेतं, उणे टाकून देतं आणि चिन्हाच्या जागी F ठेवतं. ना एरर, ना काही.

मग यज्ञेशचं काढलं. स्क्रीनच्या फाइलमध्ये 011F. मूळ फाइलमध्ये 011D. उणे अकरा!

म्हणजे खरं बोलत होता बिचारा. काय काय बोलले मी त्याला! येताना कोलंबी घेतली. जेवताना म्हणाला, "आज काय विशेष?" म्हटलं, काही नाही, जेव.

८ फेब्रुवारी

थांब, थांब. उणे अकरा म्हणजे सगळी रजा संपवली, वर आणखी अकरा दिवस. एकही दिवस घरी राहिलेला नाही हा. रोज सकाळी डबा घेऊन बोरिवलीहून निघतो. मग जातो कुठे?

बरोबर होते मी! नक्कीच कोणीतरी आहे. आणि मी त्याला कोलंबी खाऊ घातली!

१० फेब्रुवारी, सोमवार

फील्डला S लावला. चंद्रप्रकाशला कळवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आगाऊ रजा देता तरी कोणाला रे तुम्ही?

"कोणालाच नाही मॅडम. फक्त मेडिकलवर. तेसुद्धा स्वतःचं मोठं आजारपण असेल तरच, हॉस्पिटलचे कागद बघून."

यज्ञेशला काहीतरी झालंय. आणि मी बाई शोधत बसले होते.