परतीच्या पाकिटाविना

लिंकन, ४ मार्च १९८४

चि. हेस्टर हीस ऑब्रीमामाचे आशीर्वाद.

प्रस्तुत पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: तुझ्याकडे आलेले हस्तलिखित ही कादंबरी आहे, फिर्याद नव्हे, सबब तुझी भीती निराधार आहे.

तू पाठवलेली तिन्ही प्रकरणे मी दोनदा वाचली. नायिका आमच्याच बाजूच्या सपाट मुलखात एका एकाकी घरात राहते. नवरा किल्ल्या कमरेला बाळगतो, फाटकाशी उभा राहून टपाल स्वतः घेतो आणि थंडीभर काचघरामागे ॲस्परॅगस या भाजीच्या लागवडीसाठी चर खणतो. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी ती त्यात उतरून पाहते, तो चर तिच्या खांद्याला लागतो. मजकूर समर्थ आहे. वाचताना मी उठून दाराची कडी तपासली, हे लपवत नाही.

आता युक्तिवाद. ‘मी’ म्हणणारी व्यक्ती लेखिकाच असते असे नाही. तर्कशास्त्र शिकवताना हा घोटाळा मी पोरांकडूनही खपवून घेतला नाही. शिवाय कोणती हस्तलिखिते हवीत हे लेखकांच्या मार्गदर्शिकेत तूच छापलेस: भुते नकोत, हेर नकोत, घरातल्या घरात घाबरलेल्या बाईने स्वतः सांगितलेली गोष्ट हवी. या एनिड क्रेनबाईंनी मागणीबरहुकूम माल पाठवला, इतकेच. सारांशात शेवट सांगावा असा लेखकांना प्रकाशक मिळवून देणाऱ्या तुम्हा एजंट लोकांचा दंडक. तिथे बाई लिहितात की शेवट अजून ठाऊक नाही. तिकिटे लावलेले परतीचे पाकीटही जोडलेले नाही. दोन्ही नवखेपणाच्या खुणा. तुझ्या कचेरीतल्या मिसेस पिंचिन म्हणाल्या ते मार्मिक आहे, की पाकीट न जोडणारी बाई एकतर राणी असते नाहीतर कंजूष, आणि राणी काही टाइप करत बसत नाही.

तेव्हा पाकिटाअभावी बाड वाचून झाल्यावर रद्दीच्या टोपलीत टाकण्याचा तुमचा नियम या खेपेस मोड. पहिल्या पानावरील पत्त्यावर ते स्वखर्चाने परत पाठव आणि सोबत उत्तेजनाचे चार शब्द लिही. सभ्यता तेवढेच मागते. आणि रात्रीचे जेवत जा. तू टोस्टवर दिवस काढतेस अशी तुझ्या आईची तक्रार आहे.

माझ्या कोरडेपणासकट माझ्यावर लोभ असू दे.

तुझा,
ऑब्रीमामा

लंडन, ७ मार्च

ती. ऑब्रीमामांस हेस्टरचा सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं आणि घात झाला.

बाड काल परत पाठवलं. आज एनिड क्रेनचा फोन आला, बाजाराच्या दिवशी, चौकातल्या सार्वजनिक फोनवरून. आवाज इतका खाली, की मिसेस पिंचिनना मी टाइपरायटर थांबवायची खूण केली. तिनं विचारलं, कागद मिळाले का. मी आपली उत्साहात सांगत सुटले, की मिळाले, फार आवडले, घरी परत पाठवलेत, सोबत मोठं पत्रही आहे.  त्यावर ती म्हणाली, टपाल फाटकावर तो घेतो हे मी लिहिलं होतं ना बाई, तुम्ही वाचलं नाहीत का? तेवढ्यात नाणी संपली आणि फोन तुटला.

तिथल्या पोलीस ठाण्यात फोन केला. हवालदार हसला. म्हणाला, मॅडम, पुस्तकातल्या खड्ड्यांमागे धावायला लागलो तर आम्ही जेवायचं कधी? वर शेवट काय आहे तेही विचारलं. मिसेस पिंचिन, ज्या एरवी कुणाला भीक घालत नाहीत, त्यांनी मला न मागता चहा दिला आणि स्वतःच त्यात साखर घालून ढवळत बसल्या. 

तुमच्या घरी टेलिफोन नाही, कारण तो विचारात व्यत्यय आणतो. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी तुम्हाला मिळेल. पार्सलही उद्याच पोचेल, पण त्या आडगावात पोस्टाची गाडी दुपारी जाते. तुमच्यापासून तासाभराची वाट आहे. ती पुन्हा फोन करील म्हणून मी इथून हलत नाही. मामा, आता वाद घालू नका. मोटार काढा.

रागावले आहे, तरी तुमचीच आहे. माया आटू देऊ नका.

हेस्टर

लिंकन, ९ मार्च

चि. हेस्टर हीस आशीर्वाद.

काल वाटेतल्या सार्वजनिक फोनवरून मी जेमतेम एक वाक्य बोललो. मांडणी आज करतो.

मी पोचलो तेव्हा पोस्टाची लाल गाडी फाटकावरून निघत होती आणि क्रेन पार्सल काखोटीला मारून उभा होता. थोराड, हसतमुख माणूस. एजन्सीकडून आलो म्हटल्यावर त्याने मला स्वयंपाकघरात नेले, पावाच्या सुरीने दोरी कापली आणि तुझे पत्र मोठ्याने वाचले. चर फार अंगावर येतो, या तुझ्या वाक्याशी तो थांबला. बायकोकडे वळून म्हणाला, वा, आपल्या भाजीला लंडनात मान आहे म्हणायचा! एनिडने सोललेला बटाटा पुन्हा सोलायला घेतला.

मी धडधडीत खोटे बोललो. पत्र चुकून गेले, पुस्तक ठरले आहे, लेखिकेने आजच माझ्यासोबत लंडनला येऊन साक्षीदारांसमोर सही केली पाहिजे, असे सांगितले. त्याने विचारले, नवऱ्याची सही चालत नाही का? मी म्हणालो, न चालायला काय झाले; मात्र मग पुस्तकात जे जे केले आहे ते सारे तुम्हीच केले, असे धरले जाईल. त्याचे हसू तेवढ्यापुरते मावळले. एनिडने ॲप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि टोपीही न घेता बाहेर पडली. तो मोटारीपर्यंत मागोमाग आला, काचेवर टिचक्या मारून म्हणाला की लवकर ये हं, लागवड खोळंबलीय.

गाडी वळवताना चर दिसला. ॲस्परॅगसला हातभर खोली पुष्कळ होते. त्यात फावडे उभे करून ठेवले होते आणि त्याची मूठही जमिनीच्या वर आलेली नव्हती.

एनिड तुझ्या आईच्या जुन्या खोलीत आहे. दाराच्या फटीतून काही पडले की टपाल आले का म्हणून विचारते, आणि मी उचलेपर्यंत जिन्यावरच उभी राहते. ठाणेदाराला मी स्वतः भेटलो. त्याच्या मते स्वतःच्या बागेत खणणे हा गुन्हा नाही. तुझे पत्र क्रेनपाशीच राहिले आहे आणि तुझा पत्ता त्या कागदाच्या माथ्यावर छापलेला आहे. दाराला साखळी लाव. मिसेस पिंचिनना कचेरीत एकटे थांबू देऊ नकोस.

तुझा राग रास्त आहे. तो ओसरल्यावर पूर्वीचा लोभ परत येऊ दे.

उरली माझी कबुली. परतीचे पाकीट नाही, ही गोष्ट मी अज्ञानाच्या खाती टाकली. त्या बाईला नियम पाठ होते. पत्ता नसेल तर वाचत नाहीत, म्हणून तिने पत्ता लिहिला. पाकीट असेल तर परत येते, म्हणून पाकीट दिले नाही. तुमच्या टोपलीवर तिचा भरवसा होता. तो मी मोडायला लावला.

ऑब्री वेदरॉल