दोन बिऱ्हाडांचं घर विकणे आहे

२ नोव्हेंबर
निर्णय झाला. वडशाचं घर विकायचं, नागपूरला फ्लॅट घ्यायचा. जन्मभर पाटबंधारे खात्यात फायली ओढल्या, आता पांढरे बूट घालून तलावाकाठी फिरावं म्हणतो. दलाल लावणार नाही. माणूस ओळखण्यात मी कुणाला हार जात नाही.
बायकोला, म्हणजे कमलाला, सांगितलं. ती म्हणाली, अन् आमची खानावळ? ती आणि शेजारची रंभाबाई हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकमंडळींना जेवू घालतात. छंद आहे. नागपुरात दुसरा शोधता येईल.

३ नोव्हेंबर
घर जुळं आहे. अर्धं माझं, अर्धं रंभाबाईच्या नवऱ्याचं, गुलाबचं. मध्ये भिंत, पुढे एकच अंगण, मागे एकच विहीर. उमेदीत दोघांनी मिळून बांधलं. विकायचं तर अख्खं, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, विक ना गा, माहं बी विक, मी काऊन आडवा येऊ. मग ठसका लागेपर्यंत हसला. त्याला एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.
बोर्ड रंगवून आणला. 'दोन बिऱ्हाडांचं, नूतनीकरण केलेलं टुमदार घर विकणे आहे.' नूतनीकरण अजून केलेलं नाही. बोर्ड लागला की हुरूप येईल.

५ नोव्हेंबर
व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात टाकली. 'शेजारी सिंधी, बंगाली, तेलुगू, गोंड. एका गल्लीत अख्खा देश.' समोरच्या बंगाली काकांनी विचारलं, आम्हाला पण किमतीत धरलं का.

११ नोव्हेंबर
कुणी फिरकलं नाही. मार्केट थंड आहे. निकेशचा नागपूरहून फोन. म्हणाला, बाबा, घाई नका करू, आम्ही दोघंही दिवसभर ऑफिसात, तुम्ही इथी येऊन करसान काय. पोराला माझी फार काळजी. लवकर गेलं पाहिजे.

१६ नोव्हेंबर, दुपार
गिऱ्हाईक आलं. भंवरलाल शेठ, रायपूर. काय रुबाब. खांद्यावर शाल, बोटांत अंगठ्या. अंगणाच्या मधोमध उभे राहून बोलले तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. जाता जाता दारात थांबले, गर्रकन वळले आणि म्हणाले, घर पसंत आहे. पण हा ओटा! बाईमाणसानं इतकं वाकून रांधायचं?
ओटा बुटका आहे हे कमला कित्येक वर्षं म्हणते. मोठ्या माणसांचे आणि तिचे विचार योगायोगाने कधी कधी जुळतात.
रंभाबाईने शेठना न विचारता बिनसाखरेचा चहा दिला. तिला माणूस बघताच मधुमेह कळतो.

१८ नोव्हेंबर
मिस्त्री बोलावला. ओटा उंच होणार, वर ग्रॅनाइट. कमलाला समजावलं की हे तुझ्यासाठी नाही, शेठसाठी आहे. ती म्हणाली, हो जी, तेच त.

३ डिसेंबर
शेठ पुन्हा आले. सकाळचे अकरा वाजले तरी जांभया देत होते. मोठे व्यवहार रात्रीच होतात. डोळ्यांत काजळाची रेघ. रायपूरकडे रिवाज असावा.
ओटा बघून खूश. मग मान वर. माकडांनी फोडलेले कवेलू बघून छातीवर हात ठेवला, म्हणाले, या छपराखाली माझी म्हातारी आई कशी झोपेल? माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कवेलू बदलायचे. मागच्या सांदवाडीत चुलीसाठी शेडही हवी. त्यांच्याकडे पंगतच्या पंगत जेवते.
इसाराचं विचारलं. म्हणाले, डोमाभाऊ, मित्रांत पैशाची भाषा नसते. मीच वरमलो.

१४ डिसेंबर
कवेलू झाले. शेड झाली. घर असं दिसतं की विकायला जीव होत नाही. पण मी भावनेत वाहून जाणारा माणूस नाही.

१९ डिसेंबर
शेठची शेवटची अट. मधली भिंत फोडून दोन्ही स्वयंपाकघरांत दार काढा. त्यांच्या दोन सुना आहेत, जाण्यायेण्याला बरं. गुलाबला विचारलं. तो म्हणाला, फोड गा, आपण बांधतानाच काढाले पायजे होतं.

२३ डिसेंबर
दार निघालं. कमला आणि रंभाबाई दिवसभर इकडून तिकडे. पातेली इकडे, परात तिकडे. संध्याकाळी गुलाब त्याच दारातून चहा मागत आला. आता तो रोज येणार. हरकत नाही, थोडेच दिवस.

६ जानेवारी
शेठचा फोन बंद. परदेशात असतील.

१० जानेवारी, सकाळ
पलीकडच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा आणि रात्री नाटक. कमला जिला डबे देते त्या नाटक कंपनीने आम्हा चौघांना पास दिले. मी म्हटलं, व्यवहार तोंडावर असताना नाटकं कसली. कमला म्हणाली, तुमी आलेच पायजे. बायकोने इतका आग्रह लग्नानंतर प्रथमच केला. जातो.

११ जानेवारी
लिहावं की नाही?
लिहितो. पहिल्या रांगेत खुर्च्या. दुसऱ्या अंकात ठाकूर आला, तलवारकट मिशा, हातात चाबूक. विधवेच्या दारात उभा राहून म्हणाला, हे घर मी घेणारच. तो आवाज. मग तो गर्रकन वळला.
आधी वाटलं, शेठना नाटकाचाही शौक दिसतो. तेवढ्यात ते पुन्हा म्हणाले, हे घर मी घेणारच. माझा तोल गेला. मी उभा राहिलो आणि विचारलं, मग इसार कधी देता?
ठाकूर स्टेजच्या कडेपर्यंत आला, वाकला आणि चाबूक रोखून म्हणाला, डोमाभाऊ, आधी न्हाणीले टाईल लावा.
लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, हे नाटकातच आहे. गुलाब खुर्चीवरून घसरला.

१२ जानेवारी
त्याचं नाव मुखरू. नागभीडकडचा. कमलाचाच डबा खातो, साखर बंद आहे. त्याला शेठ करून आणायची कल्पना रंभाबाईची. गल्लीत सर्वांना माहीत होतं, बंगाली काकांना धरून.
रात्री कमलाला म्हटलं, मला सरळ सांगायचं होतंस. ती म्हणाली, सांगतली नाई का? मी सांगतली त कटकट. शेठनं सांगतलं त दुसऱ्या दिवशी मिस्त्री.
वाईट वाटलं. स्वतःचंच.

१५ जानेवारी
खरं गिऱ्हाईक आलं. खात्री करून घेतली. तांदळाचे व्यापारी, स्टेजवर कधी चढलेले नाहीत. घर आवडलं. मी मागितली ती किंमत कबूल, इसार खिशात. एवढंच म्हणाले की दोन्ही बाजू वेगवेगळ्या भाड्याने देऊ, मधलं दार विटा लावून बुजवू.
कमला दारात उभी होती. कोरडेच हात पदराला पुसत राहिली. तिच्यामागे रंभाबाई. तेव्हा कळलं, या दोघी इतके दिवस भ्यायलेल्या होत्या. मला हे एकदाही दिसलं नाही. माणूस ओळखतो म्हणे.
व्यापाऱ्यांना सांगितलं, घर विकणे नाही. ते म्हणाले, बाहेर बोर्ड आहे. मी म्हटलं, बोर्ड विकणे आहे.
हा निर्णय सर्वस्वी माझा. कुणाच्या सांगण्यावरून नाही. तलावाकाठी काय, बूट विहिरीभोवतीही घालता येतात.
कमलाला जाहीर केलं की उद्यापासून खानावळीचं व्यवस्थापन मी बघणार. आजवर शिस्तच नव्हती. ती म्हणाली, बरं होईल जी, सकाळी सहाले या.

१६ जानेवारी, सकाळी ९
व्यवस्थापकाला लसूण सोलावा लागतो, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.