मांडावर खोल्या

१४ डिसेंबर १९८७
सकाळी सदा आला. आधी चहा, मग कागद. गावाच्या खालच्या वाड्यातली मांडाची जागा तो विकणार. घेणारा कॉलेजच्या मुलींसाठी खोल्या बांधील. आमच्या वडिलांची जागा, त्यामुळे माझीही सही लागते. म्हटलं, वाचून ठेवते. "वाचूचां काय आसा त्यात, ताई? मोकळी जागाच ती."
मोकळी कशी? पौषात बायका रात्री तिथे गात-नाचत धालो खेळतात. एरवी पुरुषसुद्धा चपला काढून कडेने जातात.

१६ डिसें.
बाजारवाड्यात गेले होते. सड्यावर, वरच्या माळाला, कॉलेज झाल्यापासून उतारावरचे वाडे ओळखू येत नाहीत. वरच्या वाड्यात गोठ्यांच्या खोल्या झाल्या. बाजारवाड्यात टायपिंगचा क्लास, मोटारसायकली. बांद्याची एक मुलगी भेटली. एका खोलीत तिघी, स्टोव्ह जनेलावर, खिडकीतच. अभ्यास कधी करतेस? "सगळी निजली काय, बाई."
बेळगावात कॉलेजला असताना मीही अशीच राहिले. मुलींना खोल्या हव्यातच. यात वाद नाही.

१९ डिसें.
रुक्मिणी आली. मांडाचा मान तिच्या घराण्याकडे. शाळेत आम्ही एका बाकावर. आज बसली नाही.
"सुलू, तू सय करतलंस?"
अजून ठरवलं नाही म्हटलं. देवळाच्या चौकात खेळा ना.
"थंय पुरुष आसतत."
मग कुणाच्या अंगणात.
"आंगण घोवाचां गो. मांड आमचो."
अंगण नवऱ्याचं, हे बरोबरच. जाताना म्हणाली, "तू कधी येयलंसच नाय. तुका कसां कळतलां?"
गेले नाही, खरं आहे. ती गाणी मला कंटाळवाणी वाटतात. अजूनही.

२३ डिसें.
सदाला म्हटलं, खोल्यांना तुझा वरच्या वाड्यातला काजूचा तुकडा दे. तो म्हणे मुलासाठी ठेवलाय. "गोव्याचां राज्य झालां, ताई. आता गाव फुडे जावंक नको?" मग तिरकस, "पोरींची एवढी काळजी, तर तुझ्या माडयेर ठेव!"
चिडले. डोक्यावर पावलांचा आवाज मला चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

२ जानेवारी १९८८
काल मांडावर गेले. नुसती बघायला. समोरासमोर दोन ओळी, एकीत एक बाई कमी. रुक्मिणीने हात धरला तो सोडेना. माझी पावलं चुकत होती. मागून माझ्या वर्गात शिकलेली कुणीतरी, "बाईंक आज छडी गावली नाय!" सगळ्या हसल्या. मीही.
शेजारच्या दामूची सून, जिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, ती नवऱ्याची नक्कल करत होती. सासू पोट धरून हसत होती.
बाकीचं लिहीत नाही.

४ जाने.
बांद्याच्या मुलीला माडी दाखवली. पाणी खालून आणायचं, दहाला दिवा बंद, चपला जिन्याखाली. "चलतलां, बाई." बाकी दोघींचं विचारायला ती धजली नाही. मीही विषय काढला नाही. फार तर दोघी मावतील. आणि पुढच्या जूनमध्ये आणखी मुली येतील, त्यांचं काय?

६ जाने.
सदा सकाळपासून बाल्कांवात, दारापुढच्या पडवीत बसलाय. घेणारा दुपारी म्हापशाहून येतोय. दोनदा चहा दिला. कागद तिथल्या बसायच्या सोप्यावर, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर तंबाखूची डबी.
"ताई, आता पेन घे गो हातात."
हातातच आहे. लिहितेय म्हटलं, थांब.